जांभळ्या कापडाआडची सायबीण

१

हिल्डा क्रास्टोने आकडीच्या काठीने जांभळं कापड ओढलं. ते सळसळत खाली आलं आणि चर्च झाडणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

कोनाड्यात सायबीण नव्हती. तिच्या जागी लोखंडी पट्ट्यांचा एक सांगाडा उभा होता आणि त्यावर मातीचं मडकं पालथं घातलेलं होतं.

१९८५ सालचा पवित्र शनिवार. ईस्टर दुसऱ्या दिवशी. अंधेरी पूर्वेच्या पालखाडी गावठाणात सायबीण म्हणजे मारिया माउली. पोर्तुगिजांच्या काळातली, फणसाच्या लाकडाची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली. गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी ख्रिस्ती, तिच्यापुढे लग्नाची पहिली पत्रिका ठेवायचे आणि रस्त्यापलीकडच्या चाळीतल्या हिंदू बायकाही मूल आजारी पडलं की मेणबत्ती घेऊन यायच्या. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चर्चमधल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायची जुनी रीत होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी ती कापडं उतरवायची.

बायकांपैकी एकीने छातीवर क्रूस केला. दुसरी धावत बाहेर गेली. हिल्डा मात्र काठी धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे तिचे वडील आले. गेल्याच महिन्यात भर जेवणात ते म्हणाले होते, "हे लोक सायबिणीला अडगळीत टाकणार असतील, तर मी तिला घरी घेऊन येईन. बघू कोण अडवतो."

हिल्डाने चर्चच्या ऑफिसातून मुलुंडला फोन लावला.

"उत्तरा, लगेच ये गं. सायबीण गेली." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि मला भीती वाटते, ती पपांनी नेली."

२

उत्तरा कारखानीस आणि हिल्डा एकाच विमा कंपनीत होत्या. हिल्डा स्टेनो. उत्तराचं काम वेगळं. चोरीचे आणि आगीचे दावे खरे की बनावट, हे ती जागेवर जाऊन पाहायची. पन्नाशीची, चष्मेवाली, कमी बोलणारी बाई. समोरच्याला वाटायचं, हिचं लक्षच नाही.

रिक्षा करून पवईमार्गे ती आली तेव्हा चर्चच्या आवारात घोळका जमला होता. मधोमध दत्ताराम सुतार उभा होता. बाकांची दुरुस्ती करायला तो आठवडाभर चर्चमध्ये येत होता. त्याची हत्यारांची पिशवी कोणीतरी जमिनीवर उपडी केली होती.

"काल सगळे मिरवणुकीत होते, आत हा एकटा," बस्त्याव नावाचा धिप्पाड माणूस सांगत होता. "काल दुपारीच गेली ती. दुसरं कोण नेणार? चला, पोलीस चौकीवर."

"माका काय ठाऊक नाय," दत्ताराम म्हणाला. "मी तिच्या पाया पडान कामाक लागतंय. तिका मी कशाक हात लावीन?"

तेवढ्यात घोळक्यातून एक तरुण माणूस वाट काढत आला आणि त्याने बस्त्यावचा हात दत्तारामच्या खांद्यावरून काढला. "सोड त्याला. त्याचा काही संबंध नाही. तो तेव्हा गावाला होता."

"तू गप रे ज्यो. तुला तर बरंच झालं असेल. तुला नवीन मूर्ती पाहिजेच होती ना?"

त्यावर सगळे एकदम बोलू लागले. हिल्डाने उत्तराला बाजूला घेऊन ओळख करून दिली. हा ज्यो किनी, इंजिनिअर, भांडुपच्या एका ओतकामाच्या कारखान्यात कामाला. चर्चच्या समितीत नवीन विचारांचा. माइक हवेत, गिटार हवी, जुनी वेदी मोडून मोकळी जागा करायला हवी, असं म्हणणारा. आणि त्याच्या विरुद्ध टोकाला हिल्डाचे वडील, इनास मास्तर. चाळीस वर्षं चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, मराठीत आणि लोकांकडे तोंड करून व्हायला लागली, ते त्यांनी मानलं, पण पचवलं नाही. गेल्या वर्षी रोमने बिशपांच्या परवानगीने जुनी लॅटिन मिस्सा करायला मोकळीक दिली. त्या दिवसापासून मास्तरांनी फादरच्या मागे धोशा लावला होता. गावाचे दोन तट पडले होते. रविवारी एका बाकावर बसणारे सख्खे भाऊ आता दोन बाजूंना बसत होते.

"आणि फादर?" उत्तराने विचारलं.

"फादर आन्सेल्म बाहेरचे, मंगळूरकडचे. दोन वर्षं झाली येऊन. म्हातारे म्हणतात ते ज्योच्या बाजूचे, पोरं म्हणतात पपांच्या. आता सगळेच म्हणायला लागलेत की त्यांनीच मूर्ती कुठेतरी पाठवून दिली."

"का?"

"कारण मघापासून त्यांना कोणी काहीही विचारलं, तरी ते उत्तर देत नाहीत."

३

उत्तरा आत गेली. हिल्डाबरोबर ती पूर्वी नाताळात इथे आली होती, तेव्हा चर्च दिव्यांनी भरलेलं होतं. आज वेदीवर कापड नव्हतं, फुलं नव्हती. पवित्र भाकर ठेवायच्या पेटीचं दार सताड उघडं होतं आणि आत काहीच नव्हतं. तीर्थाची पात्रंही कोरडी.

"आज असंच असतं," हिल्डा म्हणाली. "ख्रिस्त कबरीत आहे. गुरुवारपासून घंटाही वाजत नाही."

घरातलं माणूस गेल्यावर घर कसं दिसतं, ते माहीत असलेल्यांनीच ही रीत घालून दिली असणार, असं उत्तराला वाटलं. कोणी काही न सांगताही इथे कळत होतं की काहीतरी मोठं हरवलंय.

ती शिडी चढून कोनाड्यापाशी गेली. आधी तिने सांगाडा पाहिला. पट्ट्या मापात कापलेल्या, भोकं ड्रिलने पाडलेली, नटबोल्ट घट्ट. वरच्या टोकाला मडकं बसेल अशी कडी. पंख्याच्या वाऱ्याने कापड सरकू नये म्हणून बाजूला दोन खांदेही काढलेले. मग तिने चौथऱ्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. मूर्तीचा तळ जिथे असायला हवा, तिथेही धूळ होती. सांगाड्याचा एक पाय तिने किंचित उचलला. त्याच्याखाली मात्र जागा लख्ख होती.

सांगाड्यामागे, भिंतीला टेकवून, पांढऱ्या रुमालात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. तिने रुमाल उलगडला. चांदीचा मुकुट.

"हा सायबिणीचा," खालून हिल्डा म्हणाली. "अरे देवा, मुकुट ठेवून गेला?"

"हिल्डा, ही कापडं शिडीवर चढून कोणी घातली होती?"

"मी खालून देत होते. घातली ज्योने. का गं?"

बोटावरची धूळ पुसत ती खाली उतरली. "चोरी काल झालेली नाही. तुम्ही कितीतरी दिवस एका मडक्यापुढे गुडघे टेकत होता."

४

फादर आन्सेल्म चर्चमागच्या आपल्या खोलीत होते. चाळिशीचे, सावळे, पांढऱ्या झग्यात. दाराबाहेर दोघे-तिघे उभे राहून त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत होते. मूर्ती विकली, म्हणत होते. फादरनी दार लावून घेतलं नव्हतं.

"तुम्ही पोलिसांना का कळवलं नाहीत?" उत्तराने विचारलं.

"कोणाला कळवायचं असेल तर त्याला मी अडवलेलं नाही."

"तुम्हाला कोणावर संशय आहे?"

"बाई, मी कोणाबद्दलही काही बोलणार नाही."

"तुम्हाला याबद्दल कोणी काही सांगितलंय का?"

फादरच्या डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा होत्या. "माझ्याकडे माणसं येतात, मन मोकळं करतात. कोणी आलं होतं का, हे मी सांगू शकत नाही. कोणी आलं नव्हतं, हेसुद्धा नाही. तुम्ही या गावातल्या कुठल्याही माणसाबद्दल, कुठल्याही गोष्टीबद्दल विचारलंत, तरी माझं उत्तर हेच असेल."

"बाहेर तुम्हाला चोर म्हणताहेत."

"ऐकू येतंय."

"एका शब्दात तुम्ही सुटाल, असं समजा—"

"मग तो शब्द माझा नसेल," ते शांतपणे म्हणाले.

बाहेर आल्यावर हिल्डा रडकुंडीला आली होती. "बघितलंस? असं बोलल्यावर लोक काय समजणार?"

"कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरनी सांगितलं तर काय होतं?"

"सांगतच नाहीत. जीव गेला तरी नाही. त्यावरून वागायचंही नाही. माहीतच नाही असं राहायचं."

उत्तरा पायरीवर बसली. इतक्या वर्षांत तिच्यापुढे किती माणसं गप्प बसली होती. कोणी स्वतःला वाचवायला, कोणी वरून पैसे मिळाले म्हणून. दुसऱ्यासाठी शिव्या खात, दार उघडं ठेवून गप्प बसलेला माणूस तिने पहिल्यांदा पाहिला होता. तो खरंच काही जाणतो की नाही, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिने एक ठरवून टाकलं. या माणसाच्या गप्प बसण्यातून आपण काहीही काढायचं नाही. ते उघड्या दारातून शिरून उचलून नेल्यासारखं होईल. जे शोधायचं, ते धूळ आणि लोखंड यांच्यातूनच.

"तुझे पपा कुठे आहेत?"

"सकाळपासून घरी नाहीत," हिल्डा म्हणाली.

५

इनास मास्तर चर्चच्याच माळ्यावर, बाजाच्या पेटीशेजारी बसलेले सापडले. तिथून रिकामा कोनाडा समोर दिसत होता. मास्तर त्याच्याकडेच बघत होते. सत्तरी ओलांडलेला, वाळलेला माणूस, पण कोट आणि टाय नीटनेटके.

"पपा," हिल्डा म्हणाली, "तुम्ही नेलीत का तिला? खरं सांगा."

म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिलं. त्या नजरेतच उत्तर होतं, पण ते बोललेही. "बोललो व्हतो मी, हे खरं हाय. रागात बोललो. पण तिला घरी नेऊन मी एकट्याने काय करू? ती सगळ्यांची, म्हणून तर ती सायबीण."

हिल्डा त्यांच्या पायाशी बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

उत्तराने विचारलं, "मास्तर, मूर्ती झाकायची रीत इथे दर वर्षी पाळतात?"

"नाय. बंद झाली व्हती. किती वर्षांनी यंदा पुन्हा केली."

"तुम्ही मागणी केली म्हणून?"

"सगळ्यांना तसंच वाटलं. पण नाय." मास्तरांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "ज्यो आला माज्याकडं. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, उपवासकाळ लागायच्या आधी. म्हणाला, मास्तर, उद्यापासून मूर्त्या झाकू या, फादरना मी विचारतो. मी म्हटलं, अरे बाबा, उद्यापासून नाय. उपवासकाळ सुरू झाला की झाकत नसतात, ईस्टरच्या आधी दोन आठवडे झाकतात. तर म्हणतो, नाय, उद्याच करू. आता हा पोरगा, जुनं म्हटलं की नाक मुरडणारा, आपण होऊन जुनी रीत मागतोय. मी कशाला वाद घालू? मला तर बरं वाटलं. वाटलं, लेकरू परत आलं."

उत्तराने चष्मा काढून पुसला.

खालून बस्त्यावचा आवाज आला. तो दत्तारामला घेऊन चौकीवर निघाला होता.

६

ज्यो किनी चर्चच्या मागच्या विहिरीपाशी एकटाच उभा होता. उत्तरा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बस्त्यावला मी थोडा वेळ थांबायला सांगितलंय," ती म्हणाली. "जास्त थांबणार नाही तो. म्हणून सरळच बोलते. चांदीचा मुकुट रुमालात गुंडाळून ठेवणारा माणूस विकायला मूर्ती नेत नाही. धूळ सांगते की मूर्ती जाऊन बरेच दिवस झाले. सांगाडा घाईत उभा केलेला नाही, कारखान्यात माप घेऊन बनवलाय. मूर्ती लवकर झाकण्याची घाई एकाच माणसाला होती, आणि त्या माणसाला ती कधी झाकतात हे माहीत नव्हतं. शिडीवर चढून सायबिणीवर कापड घातलं तेही त्यानेच, दुसरं कोणी जवळ गेलं नाही."

ज्यो विहिरीत बघत होता.

"एवढ्यावरही मी अडले असते. पण सगळे ओरडत होते की चोरी काल झाली, आणि तुम्ही म्हणालात, दत्ताराम तेव्हा गावाला होता. मी त्याला विचारलं. तो शिमग्याला गेला, घर शाकारायला राहिला आणि आठवड्यापूर्वी परत आला. काल तो इथेच होता. तुमच्या मनातलं 'तेव्हा' कालचं नव्हतं. मी चौथरा बघायच्या आधीच ते तुम्हाला माहीत होतं."

"मी चोरली नाही," ज्यो म्हणाला.

"मला ठाऊक आहे. पडली का?"

त्याने मान हलवली. "कोनाड्यामागून स्पीकरची वायर ओढत होतो. कोपर लागलं. मी धरली तिला, तिच्या कडेवरचं येशूबाळ वाचलं, पण तिचा उजवा हात भिंतीवर आपटला. आतून पोखरलेला होता. मनगटापासून त्याचा भुगाच झाला. आणि दोनच दिवस आधी मीटिंगमध्ये मी म्हणालो होतो, ही कुजकी लाकडं हलवा, फायबरची मूर्ती आणू. सगळ्यांनी ऐकलं होतं. चुकून पडली म्हटलं असतं तर कोणी विश्वास ठेवला असता?"

"म्हणून झाकलीत."

"झाकली आणि मग सांगाडा करून कारखान्यात नेली. आमच्याकडे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवतात, हत्यारं आहेत. वाटलं, हात करून बसवू, कोणाला कळणार नाही. रोज सुटल्यावर बसायचो. एक हात जाड व्हायचा, एकाची बोटं मिटलेली वाटायची. काल सुट्टी होती, वॉचमनला सांगून दिवसभर तिथेच बसलो, तेव्हा कुठे एक जमला. आज संध्याकाळी कापडं काढायच्या आधी आणून ठेवणार होतो. बायका दुपारीच आल्या."

"आणि दत्तारामला कोठडीत टाकलं असतं तर?"

"मी बोललो असतो."

"कधी?"

ज्योने तोंड फिरवलं.

"हे मी कोणाला सांगणार नाही," उत्तरा म्हणाली. "मी नुसती हिल्डाची मैत्रीण आहे. तुम्ही सांगायचं. पण तो माणूस फाटकाबाहेर पडायच्या आत."

तो तसाच उभा राहिला. उत्तराला क्षणभर वाटलं, हा आता पळेल. मग तो वळला आणि आवाराकडे चालू लागला. चालता चालता तो धावत सुटला.

७

ज्यो आधी दत्तारामपाशी गेला. सगळ्यांदेखत त्याने त्याची हत्यारं गोळा करून पिशवीत भरली, पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "माफ कर. सायबीण माझ्याकडे आहे." मग तो पायरीवर चढला आणि त्याने सगळं सांगितलं, मीटिंगमधल्या बोलण्यासकट.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर त्याला सोपं गेलं असतं. फक्त बस्त्याव खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या फादरकडे वळला. "फादर, तुम्हाला हे माहीत होतं?"

फादर काही बोलले नाहीत.

"होतं त्यांना," ज्यो म्हणाला. "आठवड्यापूर्वी मी कन्फेशनला गेलो होतो. त्यांनी सांगितलं, जाऊन गावाला सांग. माझी हिंमत झाली नाही."

सगळे फादरकडे बघू लागले. आता तरी ते हो म्हणतील, आपली बाजू मांडतील, निदान मान डोलावतील. पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ज्याचं गुपित, त्यानेच ते चारचौघांत उघडं केलं होतं, तरी त्यांच्यापाशी ते बंदच होतं. दुपारभर त्यांना चोर म्हणणारे दोघे-तिघे मान खाली घालून घोळक्यामागे सरकले. बस्त्यावने डोक्यावरची टोपी काढली. "चुकलं, फादर," तो म्हणाला. मग तो टोपी हातात धरूनच दत्तारामसमोर जाऊन उभा राहिला.

"ऱ्हवांदे," दत्ताराम म्हणाला. "आधी तिका घेवन येवया."

कारखान्याच्या टेम्पोतून सायबीण आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गोधडीत गुंडाळलेली ती मूर्ती ज्यो आणि दत्तारामने उतरवली आणि वेदीसमोर उभी केली. ज्योने खिशातून कापडाची पुरचुंडी काढली. आत लाकडाचा हात होता. बाकीची मूर्ती काळी आणि हा कोवळा, पिवळसर.

इनास मास्तर माळ्यावरून उतरून आले. लोकांनी त्यांना वाट दिली. ते काय बोलतात इकडे दोन्ही तटांचं लक्ष होतं, आणि हिल्डाने उत्तराचा हात घट्ट धरला होता.

मास्तरांनी तो हात आपल्या हातात घेतला, उजेडात धरला, उलटून पाहिला.

"रोज बसत व्हतास?"

"हो."

"उपवासकाळभर?"

"हो, मास्तर."

"नखं पण काढलीस." म्हाताऱ्याचा अंगठा त्या लाकडी बोटांवरून हळूहळू फिरत होता. "अंगठा मोठा झालाय."

"जमला नाही मला. दुसरा करतो. चांगला कारागीर शोधू आपण."

"नको," मास्तर म्हणाले. "माज्या आईचा असाच व्हता. भात लावून, मासळी कापून झालेला." त्यांनी हात ज्योच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटली. "हाच लाव. आणि रंग देऊ नकोस. आपल्या भांडणाची खूण राहू दे तिच्या अंगावर."

ज्योने खुंटीला सरस लावून हात मनगटात बसवला. सरस धरेपर्यंत कोणीतरी तो आधार देऊन धरायला हवा होता. मास्तर एका बाजूने उभे राहिले, ज्यो दुसऱ्या बाजूने. चर्चमध्ये एवढी माणसं होती, पण कोणी बाकावर बसायला गेलं नाही. सगळे उभेच राहिले, सरस वाळेपर्यंत.